तिसऱ्या बाटलीतलं पाणी

२ एप्रिल

चि. नाकू,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज रागाने देतेय एवढं लक्षात ठेव.

परवाच्या पेपरात पहिल्या पानावर आलंय. शास्त्रज्ञांनी म्हणे अशी जाळी काढलीय की वरून गटाराचं पाणी ओतलं तरी खालून अमृत पडतं. जाळीची छिद्रं केसाच्या लाखाव्या हिश्शाएवढी. मोजली कुणी? आमच्या गल्लीतला फुटलेला पाइप तुमच्या पाण्याच्या कंपनीला वर्षभर दिसला नाही, आणि ही छिद्रं बरी दिसली! खाली बारीक अक्षरात पाणीपुरवठ्याचं नवं धोरण. एक एप्रिलपासून हे धुतलेलं सांडपाणी तळ्याच्या पाण्यात मिसळून आमच्या नळाला सोडणार. बारीक अक्षरात छापलं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

काल सकाळी लाँड्रीतला नळ सोडला आणि सरळ नाकात झणका गेला. शेजारच्या न्हाव्याला हाक मारली. तोही म्हणाला, वास येतोय बाई, येतोय. आता माझं सगळं पोट या नळावर. डॉक्टरीणबाईंचे एप्रन, लॉजच्या चादरी, न्हाव्याचे टॉवेल. उद्या कुणी म्हणालं की तुमच्याकडून आलेल्या कपड्यांना गटाराचा वास येतो, तर मी दुकानाला कुलूप लावून काय करू?

तू तिथे पाणी चाखायला बसतेस. माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली वाढलीस आणि शाळेतून आलीस की दारातूनच सांगायचीस, आज कुणाचा तरी शर्ट करपला. उगाच नाही नाकू म्हणत तुला. मग तुला कसा वास येत नाही? की येतो आणि तोंड दाबलंय?

फोन करू नकोस. फोनवर तू हसतेस की गप्प आहेस ते मला कळत नाही. शिवाय फोन कंपनीचा, कोण कान लावून बसलेलं असेल देव जाणे.

तुझी
आत्या

९ एप्रिल

ती. आत्या,

साष्टांग दंडवत. दंडवत घालतानाच हसू येतंय, त्याची माफी आधी मागते.

अगं, ते पाणी अजून सुटलेलंच नाही! एक तारखेला नव्या पाइपाची झडप उघडणार होते, पण ती गंजून बसलीय. फिटर लोक अजून तिच्याशी झटापट करतायत. तू दोन तारखेला जे हुंगलंस ते तेच तुझं लाडकं तळ्याचं पाणी. आणि तू एकटी नाहीस. दोन-तीन दिवसांत इथे तक्रारींचा ढीग पडला. कुणाला वास, कुणाला चव, एका आजोबांच्या तर अंगावर पुरळ उठलं. सगळं पेपर वाचून! आमचा पाणी तपासणारा केमिस्ट आणि मी पोट धरून हसलो.

तोंड दाबण्याचं म्हणशील तर ये आणि बघ. आमची खोली पांढरी, अत्तर लावून यायचं नाही, कुणी संत्रंसुद्धा सोलायचं नाही. ग्लास जरा कोमट करायचे, आधी हुंगायचं, मग घोट घ्यायचा, मग लिहायचं. वास मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, त्यासाठीच तर आम्हाला ठेवलंय. पूर्वी आम्ही चौघं होतो. दोघी निवृत्त झाल्या आणि काटकसर म्हणून त्यांच्या जागा भरल्या नाहीत, एकाला बिलांच्या विभागात पाठवलं. आता मी आणि केमिस्ट. तो दिवसभर सिगारेटी ओढतो, त्याला काय कळणार? तो माझ्या तोंडाकडे बघतो. मी मान डोलावली की तोही डोलावतो. म्हणजे या पाण्यासाठी नाक एकच आहे, आणि ते तुझ्या टेबलाखाली तयार झालेलं आहे. काळजी सोड.

लबाडीच शोधायची तर ती इथल्या बाजारात शोध. फेब्रुवारीत तापाने आणि सर्दीने आडवी झाले होते ना, तेव्हापासून बघतेय, चहावाला भेसळ करतोय. नुसतं गरम पाणी पितोय असं वाटतं. त्याच्याशी कडाकडा भांडून दुकान बदललं, तर दुसराही त्याच माळेतला मणी. साबणाच्या वडीतही हल्ली सुगंध घालत नाहीत. आणि माझा वेंधळेपणा काय सांगू, परवा वाचत बसले आणि दूध करपून भांडं काळं झालं तरी पत्ता नाही.

तुझी
नाकू

८ मे

चि. नाकू,

एप्रिलमध्ये हसलीस, हस. मला वाटलं म्हणून वाटलं. त्यावर मी महिनाभर एक शब्द लिहिला नाही, कारण तोंड नव्हतं.

पण आता ऐक. झडप उघडली ना तुमची, वीस तारखेला? बातमी आली होती. मे लागला आणि वास सुरू झाला. या खेपेला मी शहाणी झालेय, आधी स्वतःवरच संशय घेतला. न्हाव्यालाही काही बोलले नाही. पण परवा तोच टॉवेलांचं गाठोडं घेऊन माझ्या गल्ल्यावर आपटायला आला. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक आलं, फिरतीवरचा विक्रेता, गाडीतून उतरून सरळ खुर्चीत. ना त्याने इथला पेपर वाचलेला, ना त्याला तुमचं धोरण माहीत. न्हाव्याने दाढीनंतर वाफेचा टॉवेल तोंडावर ठेवला आणि तो ताडकन उठून बसला. म्हणाला, हा टॉवेल काय तळघरात वाळवलात?

आता बोल. न्हावी म्हणतो, पुढच्या आठवड्यापासून टॉवेल पलीकडच्या गावातल्या लाँड्रीत. लॉजवाल्यानेही नाक मुरडलंय. मी टब घासले, पाइप बदलला, साबण बदलला. वास पाण्यालाच आहे. नवं पाणी बंद करा म्हणून सगळ्यांनी मिळून अर्ज केलाय, पहिली सही माझी. पंचवीस तारखेला सुनावणी आहे. तुमच्या कंपनीचा कागद आलाय, त्यात लिहिलंय, आमच्या तज्ज्ञ चाखणाऱ्यांना कोणताही वास आढळलेला नाही. तज्ज्ञ म्हणजे तूच ना गं?

तुमचा क्लोरीनच्या गाडीचा ड्रायव्हर कपडे माझ्याकडे टाकतो. त्याच्याबरोबर तीन बाटल्या पाठवतेय, चिंधीने गाठ मारून. एक माझ्या नळाची, एक उकळून गार केलेली, एक न्हाव्याच्या विहिरीची. कुठली कुठली ते सांगणार नाही. तू सांग.

आत्या

१३ मे

ती. आत्या,

तुझ्या गाठी दातांनी सोडाव्या लागल्या. परीक्षा घ्यायचीच होती तर सोप्या गाठी मारायच्या.

रीतसर पांढऱ्या खोलीत बसून चाखलं. पहिलं पाणी सपाट, हे उकळलेलं. दुसरं जिभेला जड लागतं, क्षार आहेत, ही विहीर. तिसरं तुझ्या नळाचं आणि तिन्हींत सगळ्यांत निर्मळ. वास अजिबात नाही. मी दोनदा हुंगलं, तुझ्या समाधानासाठी तिसऱ्यांदा हुंगलं. असं स्वच्छ पाणी रोज मिळालं तर आमची खोली बंद करावी लागेल.

आता राग मानू नकोस, पण एप्रिलमध्ये न आलेल्या पाण्याचा वास येणारी माणसंच आता अर्ज करतायत. विक्रेत्याचं म्हणशील, तर न्हाव्याच्या तोंडातून कोणती गोष्ट धड बाहेर पडलीय आजवर? टॉवेल ओले ठेवत असेल, आळशी मेला. अर्जावरची तुझी सही काढून घे. इथे साहेबांच्या कानावर गेलंय की पहिली सही माझ्या आत्याची आहे, आणि ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलेत.

नाकू

१५ मे

नाकू,

चि. लिहिलं नाही, मुद्दामच लिहिलं नाही.

तिसरी बाटली माझ्या नळाची होती खरी. पण गाठ मारण्याआधी मी तिच्यात अर्धी वाटी गुलाबपाणी ओतलं होतं. तेच, जे डॉक्टरीणबाईंच्या उशांच्या अभ्र्यांना लावते. ड्रायव्हर म्हणाला, बाई, माझी गाडी घमघमतेय.

मला वाटलं होतं, तू चिडून लिहिशील की आत्या, ही कसली थट्टा. मग मी म्हणणार होते, शाब्बास, पोरगी खरी आहे, तिच्या शब्दावर सही काढून घेते. तर तू बाटल्या उघडल्यासुद्धा नाहीस! पहिली ही, दुसरी ती, अंदाजपंचे ठोकून दिलंस. वर आणि लिहितेस, तीनदा हुंगलं.

कंपनीने तुला विकत घेतलंय असं मी आजवर कुणाला बोलू दिलं नाही. न्हावी बोलला तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेले. आता त्याला काय सांगू? परक्यांशी खोटं बोलतेस ते बोल, पोटासाठी माणूस करतो. पण माझ्याशी?

आत्या

१९ मे

ती. आत्या,

बाटल्या मी उघडल्या. तिन्ही उघडल्या, हुंगल्या, चाखल्या. तुझ्या गळ्याची शपथ.

तुझं पत्र वाचून आधी मला तुझाच संशय आला. म्हटलं, ही आता खोटे पुरावे तयार करायला लागली. तिसऱ्या बाटलीच्या तळाशी घोटभर उरलं होतं. ते केमिस्टच्या नाकाखाली धरलं. तो म्हणाला, वा, आज अत्तर लावून आलात? आणि मी हसून हो म्हटलं, आत्या. हो म्हटलं आणि घरी आले.

मग कपाट उघडलं. चहाची पूड, साबण, फिनेल हुंगलं, कांदा चिरला. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. कशाचाच आला नाही. त्या चहावाल्याला मी चारचौघांत चोर म्हटलं होतं गं. चोर कसला, माझंच नाक गेलेलं. त्या तापातच गेलं असणार.

तुला वाटेल, चाखणारीला हे कळलं कसं नाही? आमच्या कामात काही न लागणं म्हणजेच सगळं ठीक असणं. रोज लिहायचं, वास नाही, चव ठीक. तेच मी लिहीत राहिले. जीभ अजून शाबूत आहे, क्षार कळतात, म्हणून मी निश्चिंत होते. आणि तक्रारी आल्या की एप्रिलचा विनोद आठवायचा.

आता मला भीती वाटतेय, सरळ सांगते. सुनावणीत माझा कागद वाचणार आहेत. सुनावणी होऊ दे, मग मी डॉक्टरकडे जाईन, मग बघू. तोवर कुणाला सांगू नकोस. नाकाशिवाय मला येतं काय? या पांढऱ्या खोलीतून उठवलं तर मी कुठे जाऊ?

नाकू

२१ मे

चि. नाकू,

तुझं पत्र वाचत होते आणि इस्त्री डॉक्टरीणबाईंच्या एप्रनवर राहिली. करपल्याचा वास आला म्हणून उचलली. मग आणखीच रडू फुटलं, की हा वास तुला आता येत नाही.

मी किती घाणेरडं लिहिलं तुला. शाई वाळायच्या आत ते पत्र फाडायला हवं होतं, पण संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की मला दुसरं काही दिसत नाही. तुझा बाप नेहमी म्हणायचा, ताई देवाकडेसुद्धा पावती मागेल.

आता ऐक. अर्जवाली मंडळी रोज माझ्या गल्ल्यापाशी बसतात. त्यांना एक वाक्य सांगितलं, की ज्या बाईच्या सहीवर कंपनी उडतेय तिला गुलाबपाण्याचाही वास येत नाही, की आम्ही जिंकलो. तुझं पत्र माझ्या खिशात असतं आणि मी त्यांना चहा देते. मी सांगणार नाही. सुनावणीला मी टॉवेल घेऊन जाईन, तुझं नाव काढणार नाही.

पण नाकू, डॉक्टरीणबाईंचं तान्हं पोर आहे. त्याच्या दुधाची बाटली याच पाण्याने विसळतात. पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही, तुला माहीत नाही, आणि कागदावर लिहिलंय की काही नाही. हे तुला पटतं का? पुढचं तू ठरव. मी विचारणार नाही म्हणते, पण रोज पोस्टमनची वाट बघणार हेही खरं.

आणि डॉक्टरकडे सुनावणीनंतर नाही, आज जा. गॅसचा वास कळत नाही तर खिडकी उघडी ठेवत जा.

आत्या

१२ जून

ती. आत्या,

सुनावणी पुढे ढकलली म्हणून तू गोंधळली असशील. मला आजपर्यंत लिहायला धीर झाला नाही.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, माझ्या सहीला अर्थ नाही, मला वास येत नाही. साहेबांनी अर्जाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, अर्जावर पहिली सही तुमच्या आत्याची ना? सुनावणीच्या तोंडावर बरा वास गेला तुमचा! त्यांना वाटलं, मी तुम्हा अर्जवाल्यांना फितूर झालेय. हसावं की रडावं कळेना. जन्मात पहिल्यांदा इतकं खरं बोलले आणि कुणाचा विश्वास नाही. शेवटी त्यांच्या टेबलावरची फिनेलची बाटली उघडून मी ती डोळे मिटून नाकाला लावून उभी राहिले, हलले नाही. शिपाई खोकत बाहेर पळाला. तेव्हा पटलं.

मग निवृत्त झालेल्या दोघींना गाडी पाठवून बोलावलं. दोन पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या अलीकडून दोन्ही पाणी वेगवेगळी आणली. नवीन पाण्याला दोघींनी काही वास नाही म्हटलं. तळ्याच्या पाण्याचा ग्लास मात्र दोघींनी ओठाला न लावताच खाली ठेवला. ओल्या मातीचा, बंद तळघराचा वास. उन्हाळ्यात तळं आटलं आणि कडेला शेवाळ माजलं. तुझा वास खरा होता, आत्या. फक्त तो तुझ्या आवडत्या तळ्याचाच होता. ते पाणी प्यायला घातक नव्हतं असं तपासणीत आलंय. तळं साफ करायला घेतलंय. आणि नवं धोरण असं की कंपनीतल्या माणसांवर विसंबायचं नाही, पाणी चाखायला गावातली साधी माणसं घ्यायची. तशी जाहिरात निघेल.

मला तक्रार विभागात टाकलंय. साहेब म्हणाले, कान तर चालू आहेत ना. आता दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते आणि एकीवरही हसत नाही. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणार नाही. रोज ओळखीचे वास आठवून आठवून हुंगत जा. पांढऱ्या खोलीवरून जाताना मी मान वळवते.

नाकू

१८ जून

चि. नाकू,

शाब्बास. हे एकदाच लिहितेय, पुन्हा मागू नकोस.

बाकी तळ्याचा वास म्हणे! किती सोयीचं. नवीन पाण्याचं बालंट गेलं आणि बिचाऱ्या मुक्या तळ्यावर आलं. मी आणि न्हावी बसने जाऊन बघून आलो. हिरवं होतं. एवढं मान्य, याच्यापुढे नाही.

न्हाव्याचे टॉवेल परत आले, लॉजवालाही आला. ड्रायव्हरबरोबर तुझी लहानपणची चादर पाठवतेय, निळ्या काठाची. शेवटच्या पाण्यात गुलाबपाणी घालून चांगली बुडवलीय. रोज सकाळी तोंडाशी धर. वास आला की त्याच दिवशी मला कळव.

आत्या

३० जून

ती. आत्या,

आला! आत्या, वास आला!

काल सकाळी चादर तोंडाशी धरली आणि अगदी पुसट, लांबून आल्यासारखा, गुलाबाचा वास. मग पुन्हा गेला, आज पुन्हा आला. तू दुकानात अभ्रे पिळायचीस तेव्हाचा तोच वास. आता काळजी करायचं सोड आणि मोकळ्या मनाने झोप.

तुझी
नाकू

३ जुलै

चि. नाकू,

त्या चादरीला मी गुलाबपाणी लावलंच नव्हतं.

नुसत्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, घडी घातली. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला बघायचं होतं की तू खरं सांगतेस की म्हातारीचं मन राखतेस. तुझं पत्र आलं आणि पहिल्यांदा राग आला. म्हटलं, लबाड पोर, पुन्हा खोटं.

मग लॉजच्या चादरींच्या घड्या घालता घालता माझंच एप्रिलमधलं पत्र आठवलं. न सुटलेल्या पाण्याचा वास मला आला होता गं. मी खोटं बोलत नव्हते. पेपरात वाचलं होतं म्हणून आला. तुलाही मी लिहिलं होतं म्हणून आला असेल. किंवा आला नसेल आणि माझ्यासाठी लिहिलं असशील. कुठलं खरं ते मी विचारणार नाही, आणि या वेळी पोस्टमनचीही वाट बघणार नाही, कारण मीच येतेय.

शनिवारी पोचेन. दुकान न्हाव्याच्या बायकोकडे सोपवलंय, कपडे जाळणार नाही अशी कबुली घेऊन. तुमची पाणी चाखायची जाहिरात आली, मी अर्ज टाकला आणि त्यांनी बोलावलंय. अनुभव काय, असं विचारलं होतं. लिहिलं की आयुष्यभर कशावरच विश्वास ठेवलेला नाही. तुझ्या साहेबांना सांगून ठेव, ग्लासाला साबणाचा वास आला तर मी परत करीन.

तुझ्याकडेच राहीन. दूध करपलं तर मी सांगेन, गॅस मी हुंगेन, तुझ्या त्या चहावाल्याची माफी मागायला आपण दोघी जाऊ. गुलाबपाण्याची बाटली बरोबर आणतेय, या वेळी खरी. रोज सकाळी तुझ्या नाकाखाली धरेन. मधूनच नुसतं पाणी धरेन आणि सांगणार नाही. वास आला नाही तर नाही म्हण. वर्षभर नाहीच म्हणावं लागलं तरी म्हण, मी रोज विचारायला आहे.

प्यायचं पाणी मात्र माझं मी घेऊन येतेय.

तुझी
आत्या